लेहच्या थंडीत लिथियम बॅटरी: अख्खा हिवाळा काढल्यानंतर

लेहच्या घरी २४ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी उन्हाळ्यात सोलरवर बसवली. बॅकअप किती, सायकल किती हे सगळीकडे लिहिलेलं आहे, ते सोडतो. दिवाळीपर्यंत नाव ठेवायला जागा नव्हती. जुन्या ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरीसारखं पाणी घालत बसणं नाही, ॲसिडचा वास नाही.

डिसेंबर लागला आणि गाडी अडली. सकाळी लख्ख ऊन, पॅनल पुसलेली, तरी चार्जिंग करंट शून्य. दुपारी आपोआप सुरू व्हायचं, पण तोवर अर्धं ऊन वाया गेलेलं असायचं आणि रात्री जेवणं आटपायच्या आत इन्व्हर्टर ओरडायला लागायचा. इलेक्ट्रिशियनने चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीत सोडणारा डबा) बदलायला सांगितलं. नवा घेण्याआधी बीएमएसचं, म्हणजे बॅटरीच्या आतल्या राखणदार सर्किटचं, ॲप उघडलं: तापमान २ अंश, चार्जिंग बंद, डिस्चार्ज चालू.

म्हणजे बॅटरी शहाण्यासारखी वागत होती, शून्य यायच्या आधीच थांबत होती. शून्याखाली चार्ज केलं की लिथियम ग्रॅफाइटच्या थरांत नीट शिरत नाही, वरच धातू होऊन साचतं. तेवढी क्षमता कायमची जाते, आणि साचतच राहिलं तर आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती. त्या दिवशी बाहेरून काहीच दिसत नाही. वीज काढायला अशा बहुतेक बॅटऱ्या उणे २० पर्यंत चालतात; थंडी बाधते ती चार्जिंगला.

कंपनीच्या सर्व्हिसला फोन केला तर म्हणे, बॅटरी दिल्लीला पाठवा. जानेवारीत लेहहून? मनालीचा रस्ता बंद, आणि एवढी मोठी लिथियम बॅटरी विमानात सहजासहजी कोणी घेत नाही. मग सर्व्हिसच्याच दुसऱ्या माणसाने ॲपचा पासवर्डच दिला: ‘सर, लो टेम्परेचरची सेटिंग उणे २० करून टाका, चार्जिंग लगेच सुरू होईल.’ वॉरंटी देणारेच बॅटरी मारायचा उपाय सांगतात, याचा संताप अजून उतरलेला नाही. सेटिंगला मी हात लावला नाही.

इथपर्यंत मी या संरक्षणाच्या बाजूने होतो. मग इन्स्टॉलरने माझ्यासमोर झाकण उघडलं आणि मत बदललं. तापमानाचा सेन्सर सेलवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या आतल्या ठोकळ्यांवर, नव्हताच! बीएमएसच्या बोर्डाला चिकटवलेला होता. इन्व्हर्टरवर लोड असला की बोर्ड तापतो. ॲपवर ६ अंश, चार्जिंग सुरू, आणि सेलच्या अंगाला टेकवलेला थर्मामीटर उणे १ दाखवतोय. सेल वजनाला प्रत्येकी दोनेक किलोचा, त्याला गरम व्हायला वेळ लागतो. बोर्डाचं तापमान बघून सेल चार्ज करणं म्हणजे आईच्या कपाळाला हात लावून बाळाचा ताप बघणं. दोन इंच वायर आणि कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) एवढ्याचा खर्च यांनी वाचवलाय, आणि खोक्यावर ‘लो टेम्परेचर प्रोटेक्शन’ ठळक छापलंय.

आता व्यवस्था अशी. बॅटरी उत्तरेच्या कोठीतून दक्षिणेच्या काचेच्या खोलीत आणली, खाली-बाजूला थर्माकोल. चार्ज कंट्रोलर व्हिक्ट्रॉनचा होता, त्याला त्यांचाच स्मार्ट बॅटरी सेन्स जोडला. तो बोर्डापासून लांब, बॅटरीच्या अंगाला खाली चिकटवलाय आणि ब्लूटूथवरून तापमान कळवतो. ५ अंशांखाली कंट्रोलर स्वतःच चार्जिंग थांबवतो, बीएमएसवर विसंबावं लागत नाही. शिवाय थर्मोस्टॅटवाला छोटा हीटिंग पॅड.

हीटरवाली बॅटरी घ्यायला हवी होती असं बरेच जण सांगतात. हिशोब करा. १६ किलो सेल उणे ८ वरून ५ अंशांवर आणायला साधारण ६० वॉट-तास लागतात, गळती धरून दुप्पट समजा. बॅटरीत २५०० च्या वर आहेत. एवढ्याशा उष्णतेसाठी वरचे हजारो रुपये का मोजायचे? उन्हाची खोलीच नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा हीटरवाली घ्या, पण ढगाळ सकाळी तुमची पॅनल तो हीटर चालवू शकतील का ते आधी विचारा.

नाशिक-पुण्याकडच्यांनी यातल्या कशावरही पैसे घालू नयेत. निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला तरी घरातले सेल शून्याला जात नाहीत. लडाख, स्पिती किंवा परदेशात बर्फाच्या गावी असाल, तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून झाकण उघडलेला फोटो मागवा आणि सेन्सरची वायर कुठे जाते ते बघा. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर दुसरं दुकान. बॅटरीला पाचपैकी तीन, सर्व्हिसला शून्य. तक्रार अजून उघडीच आहे.