आईच्या वह्यांचे फोटो, एक मेमरी कार्ड आणि माझे 21,298 रुपये

कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून पुसले गेलेले फोटो परत मिळवून देतो, असे सांगून माझ्याकडून तीन वेळा मिळून 21,298 रुपये घेण्यात आले. पहिल्यांदा 2,499, नंतर 6,999 आणि शेवटी 11,800. पैसे गेले याचा संताप आहेच, पण त्याहून मोठा संताप या गोष्टीचा आहे की जे फोटो त्या दिवसापर्यंत कार्डावर शाबूत होते, त्यांतले बहुतेक त्याच लोकांनी माझ्या डोळ्यांदेखत कायमचे नष्ट केले. हे सगळे लिहिताना मला लाज वाटते. तरीही लिहिते आहे, कारण फोटो पुसले गेल्यानंतरच्या पहिल्या तासात माणूस ज्या घाईत असतो, त्याच घाईवर या लोकांचा धंदा चालतो.

माझ्या आईने हाताने लिहिलेल्या तीन वह्या होत्या. त्यांना वाळवी लागली, म्हणून मी एकेक पान उलटून, खिडकीशी उजेडात धरून त्यांचे फोटो काढले. एकूण 412 पाने. वह्या हातात धरताच चुरा होऊ लागल्या होत्या, त्यामुळे फोटो झाल्यावर त्या टाकून दिल्या. कार्डावरचे फोटो लॅपटॉपवर उतरवून घेतले आणि जागा मोकळी करण्यासाठी कॅमेऱ्यातूनच सगळे फोटो पुसले. माझ्या लक्षात आले नाही ते हे की ठरावीक संख्येनंतर कॅमेरा कार्डावर नवे फोल्डर उघडतो. मी 100 क्रमांकाचे फोल्डर उतरवले होते आणि वह्यांची पाने 101 मध्ये होती. कार्ड पुसण्यापूर्वी दोन्हीकडच्या फोटोंची संख्या ताडून पाहा, एवढे आत्ताच सांगून ठेवते.

चूक कळली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा मदत क्रमांक शोधला. सर्वांत वर जो आला तो कंपनीचा नव्हताच, ती पैसे देऊन वर आणलेली जाहिरात होती. पण नाव, रंग, बोधचिन्ह सगळे तसेच होते. फोन उचलणारा माणूस अत्यंत नम्र होता. "मॅडम, काळजी करू नका, कार्ड कॅमेऱ्यातून काढून ठेवा, आता एकही फोटो काढू नका," असे त्याने प्रथम सांगितले. हा सल्ला अगदी खरा आहे आणि त्यामुळेच माझा त्याच्यावर विश्वास बसला. पुढे त्याने माझा लॅपटॉप दुरून हाताळता येईल असे अॅप घ्यायला लावले, त्याचा प्रोग्रॅम चालवला आणि दहा मिनिटांत पडद्यावर आईच्या वह्यांची पाने दिसू लागली.

तो क्षण मी रोज आठवते. पाने छोट्या चौकोनांत ओळीने मांडलेली होती. पहिल्या वहीच्या एका पानावर शाईचा मोठा डाग होता, तो मी ओळखला आणि मला रडू आले. मी त्याला म्हटले, हे पान जरा मोठे करून दाखवा, अक्षर वाचता येते का पाहू. तो म्हणाला, "पूर्ण आकार पैसे भरल्यावरच उघडतो, मॅडम, आत्ता हा फक्त नमुना आहे." तिथेच थांबायला हवे होते. त्या चौकटीत प्रत्येक फाइलचा आकारही लिहिलेला होता: 9 केबी, 11 केबी, 10 केबी. माझा कॅमेरा एका फोटोला साधारण 6 एमबी घेतो, हे मला पक्के माहीत आहे. 412 फोटोंचे मिळून जवळजवळ अडीच जीबी व्हायला हवे होते आणि तिथे सगळ्यांचे मिळून सुमारे 4 एमबी होते. हिशेब तपासणे हे माझे रोजचे काम आहे. इतरांच्या कागदांवर एका शून्याचा फरक मला दिसतो आणि इथे सहाशे पटींचा फरक डोळ्यांसमोर असताना मी डागाकडे पाहत राहिले. 2,499 रुपये भरले.

हातात आले ते 412 ठिपके. पान ओळखू येत होते, पण एकही ओळ वाचता येत नव्हती. मी परत फोन केला तेव्हा "खोल स्कॅन" करावा लागेल म्हणून 6,999 मागितले आणि दुसऱ्या दिवशी "कार्डाचीच दुरुस्ती" म्हणून 11,800. मी मूर्ख नाही. आजवर मी कोणालाही ओटीपी सांगितलेला नाही, इथेही सांगितला नाही, तो मी स्वतःच्या हाताने टाकला. पण आधी भरलेले पैसे वाया जातील आणि पाने आता एका पावलावर आहेत, या दोन विचारांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाला बाहेरून शहाणपण शिकवणे फार सोपे असते. त्या दिवशी पडद्यावर हिरवी पट्टी पुढे सरकत होती. अर्ध्याहून पुढे गेल्यावर मी चौकटीचे शीर्षक वाचले: फॉरमॅटिंग, म्हणजे कार्ड कोरे करणे. मी ओरडून विचारले, तर तो म्हणाला, "दुरुस्ती अशीच होते." मी कार्ड तसेच उपसून काढले. फोन बंद झाला आणि त्यानंतर माझ्या क्रमांकावरून तो कधीच लागला नाही.

खरा प्रकार नंतर एका जाणकार परिचिताने समजावून सांगितला. कॅमेऱ्यातून फोटो पुसला म्हणजे फोटो पुसला जात नाही. कार्डाच्या सूचीत त्या फाइलची नोंद "काढली" अशी होते आणि तिची जागा मोकळी धरली जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ फोटो तिथेच असतो. प्रत्येक जेपेग फोटोच्या सुरुवातीच्या भागात बहुधा 160 बाय 120 ठिपक्यांचे एक चिमुकले थंबनेल कॅमेरा स्वतःच ठेवतो. त्या लोकांनी मला विकले ते हे थंबनेल. खाली पूर्ण फोटो शाबूत असताना त्यांनी तो बाहेर काढलाच नाही, कारण एकाच वेळी सगळे दिले असते तर दुसरी आणि तिसरी मागणी करता आली नसती. आणि विंडोजमध्ये "क्विक" ही खूण काढून केलेले पूर्ण फॉरमॅट, व्हिस्टापासून पुढच्या सर्व आवृत्त्यांत, कार्डावर सर्वत्र शून्ये लिहीत जाते. त्यातून काहीही परत येत नाही. त्याला पुरावा नष्ट करायचा होता की तेवढेही ज्ञान नव्हते, हे मला कधीच कळणार नाही.

त्याच परिचिताने कार्डाच्या कडेची छोटी खिट्टी "लॉक"कडे सरकवली, कार्डाची जशीच्या तशी प्रत संगणकावर घेतली आणि त्या प्रतीवर फोटोरेक चालवले. हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि मुक्त स्रोत आहे. ते सूचीकडे पाहत नाही, फोटोच्या सुरुवातीच्या ठरावीक खुणेवरून थेट फाइल शोधते. म्हणून फाइलींची मूळ नावे जातात, पण फोटो पूर्ण आकारात मिळतात. फॉरमॅट जिथपर्यंत पोहोचले नव्हते तिथली 137 पाने मिळाली, सगळी तिसऱ्या वहीची. उरलेली 275 गेली. पहिल्या रात्री हेच केले असते तर 412 च्या 412 मिळाली असती आणि एक पैसा लागला नसता. सापडलेले फोटो कधीही त्याच कार्डावर साठवू नका. पैसे मागणाऱ्याला म्हणा, एक फोटो पूर्ण आकारात उघडून दाखव, त्यातले अक्षर मला वाचू दे. जो नाही म्हणेल त्याचा फोन ठेवून द्या. कार्ड संगणकाला दिसतच नसेल तर प्रोग्रॅम विकणाऱ्यांकडे जाऊच नका, ते काम प्रयोगशाळेचे आहे.

तक्रारीचे काय झाले तेही सांगते. बँकेने लेखी उत्तर दिले की तिन्ही व्यवहार ग्राहकाने स्वतः ओटीपी टाकून केले असल्याने ते अधिकृत आहेत. ज्यांच्यामार्फत पैसे गेले त्या पेमेंट सेवेने सांगितले, विक्रेत्याशी संपर्क साधा. कोणता विक्रेता? ज्याचा पत्ता नाही, ज्याच्या पावतीवर नोंदणी क्रमांक नाही, तो? पोलिसांकडे मी तीन वेळा गेले. पहिल्यांदा अधिकारी जागेवर नव्हते. दुसऱ्यांदा मला विचारण्यात आले की त्यांनी 412 फाइली दिल्या ना, मग फसवणूक कशी? मी लॅपटॉप उघडून ते ठिपके दाखवले, तर टेबलापलीकडच्या गृहस्थांनी पडद्याकडे न पाहता सांगितले, "फोटो तर दिसतायत." तिसऱ्यांदा अर्ज घेतला. त्यात नुकसानीच्या रकमेचा रकाना होता, तिथे मी 21,298 लिहिले. 275 पानांसाठी कोणताही रकाना नव्हता. मी ते समासात लिहिले, तर ते खोडून नवा अर्ज भरायला लावला. ग्राहक तक्रारीसाठी कंपनीचा पत्ता अनिवार्य. खऱ्या कार्ड कंपनीने कळवले की त्या क्रमांकाशी आमचा संबंध नाही. त्यांच्या नावाने चालणारी ती जाहिरात काढून टाकण्यासाठी ते काय करणार आहेत, याबद्दल त्या पत्रात अवाक्षर नव्हते. प्रत्येक टेबलावर मला आधी हे सिद्ध करावे लागले की चूक माझी नव्हती आणि प्रत्येक टेबलावरून मी ते सिद्ध न करताच परत आले. तक्रारीनंतर आठवड्याभरात एकाचा फोन आला, 3,500 रुपये भरा, तुमचे गेलेले पैसे सोडवून देतो. त्याला माझ्या व्यवहारांच्या रकमा तोंडपाठ होत्या. मी काही भरले नाही. तुम्हीही भरू नका, ही त्याच जाळ्याची दुसरी गाठ असते.

चार महिने झाले, तक्रारीची स्थिती "प्रक्रियेत" अशीच दिसते. काल मी शेजाऱ्यांच्या फोनवरून तोच मदत क्रमांक फिरवला. दुसऱ्याच घंटीला उचलला गेला आणि त्याच नम्र आवाजाने विचारले, "काळजी करू नका, कार्ड किती जीबीचे आहे?"