टू-डी बारकोड स्कॅनर, वापराचे सात महिने: सगळं अडतं ते एका न दिसणाऱ्या अक्षरावर

सर्व्हिसला दिलेला स्कॅनर गेल्या आठवड्यात परत आला तो कोरा होऊन. केबल बदलली, ते ठीक. पण फॅक्टरी रिसेट मारून स्कॅन केलेल्या डेटाचा क्रम लावणारे सगळे रूल (स्कॅनरमध्ये भरलेल्या सूचना) पुसले, आणि चिठ्ठीवर त्याचा उल्लेखसुद्धा नाही. ही सरळ बेपर्वाई आहे.

काम सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल पॅकिंगचं. एक्स्पोर्टच्या खोक्यावर जीएस१-१२८ (मालाची माहिती भरलेला बारकोड) लेबल: ०२ या खुणेनंतर १४ अंकी जीटीआयएन (मालाचा ओळख क्रमांक), १० नंतर लॉट, ३७ नंतर नग. एंट्रीच्या स्क्रीनला मात्र आधी लॉट, मग जीटीआयएन, मग नग लागतात. लेबल बायरच्या नमुन्याचं, त्याला हात लावता येत नाही.

पहिल्या महिन्यात माझं मत होतं, रूल कशाला, ३७ शोधून तिथे तोडलं की झालं. ते साफ चुकीचं निघालं. लॉट बी१३७ आणि नग २४ असतील तर ‘१०बी१३७३७२४’ येतं. पहिल्या ३७ ला तोडलं की लॉट होतो बी१ आणि नग ३७२४! बिलात हा आकडा गेला तर निस्तरता निस्तरत नाही.

लॉटची लांबी ठरलेली नसते, कमाल २० अक्षरं. तो कुठे संपला हे सांगायला लेबलमध्ये एफएनसी१ हा खुणेचा कोड असतो. स्कॅनर तो जीएस (ग्रुप सेपरेटर), म्हणजे कॉम्प्युटरच्या आस्की अक्षरयादीतलं २९ क्रमांकाचं अक्षर, असा देतो. नोटपॅडमध्ये तो दिसत नाही, म्हणून लोक तो नाहीच असं धरून चालतात. तपासायचं असेल तर त्याच्या जागी उभी रेघ पाठवायचा तात्पुरता रूल करा. रेघ आलीच नाही तर लेबल छापतानाच एफएनसी१ राहिलाय. मग स्कॅनरशी झटून उपयोग नाही.

चालणारा रूल असा: कोड प्रकार फक्त जीएस१-१२८, सुरुवात ०२ ने. कर्सर (डेटातली वाचायची जागा) १८ अक्षरं पुढे, जीएसपर्यंतचं पाठवा, टॅब. कर्सर पुन्हा सुरुवातीला, २ पुढे, १४ अक्षरं पाठवा, टॅब. मग जीएसवर जा, ३ अक्षरं सोडा (जीएस आणि ३७), उरलेलं पाठवा, एंटर. प्रकाराची अट विसरू नका, नाहीतर टॉवेलच्या साध्या ईएएन-१३ चीही (दुकानातल्या मालावरचा १३ अंकी बारकोड) तोडफोड होऊ शकते. एआयएम आयडी (बारकोडचा प्रकार सांगणारी खूण) चालू असेल तर डेटाच्या सुरुवातीला तीन अक्षरं चिकटतात आणि सगळं मोजमाप तीनने सरकतं.

एक्सेलमध्ये घेत असाल तर जीटीआयएनचा कॉलम आधी टेक्स्ट करा, नाहीतर सुरुवातीचा शून्य उडतो. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड चालू राहिला तर भलतीच अक्षरं उमटतात. स्कॅन करण्याआधी इंग्रजीवर आणा. टॅब मध्येच गळत असेल तर दोन अक्षरांमधला वेळ थोडा वाढवा.

वाचनाबद्दल तक्रार नाही. टॉवेलची लव काचेवर बसते तेवढी रोज पुसावी लागते.

क्रम लावून द्यायचे डीलर वेगळे पैसे मागतात. देऊ नका, कंपनीचं सेटिंग सॉफ्टवेअर फुकट मिळतं. रूल लावून झाला की सेटिंगची फाइल पेनड्राइव्हवर ठेवा आणि त्याचाच प्रोग्रामिंग बारकोड (स्कॅन केला की सेटिंग परत भरणारा) छापून टेबलाच्या खणात चिकटवा. मॅन्युअलमधल्या रिसेटच्या कोडवर मात्र कागद डकवा, चुकून स्कॅन होतो.