सेकंड हँड छोटी गाडी आणि मुंबईचा ट्रॅफिक : कोणता गिअरबॉक्स भरवशाचा?

मुंबईत वापरलेली छोटी गाडी घेताना बहुतेक जण आधी मीटर बघतात. तीस हजार किलोमीटर दिसले की गाडी नवीसारखीच, असं धरून चालतात. पण क्लच नुसत्या किलोमीटरवर झिजत नाही. तो किती वेळा सुटला आणि किती वेळ अर्धवट दाबलेला राहिला, यावर त्याचं आयुष्य ठरतं. साकीनाका ते घाटकोपर रोज रांगत गेलेल्या तीस हजारांच्या गाडीपेक्षा हायवेवर सत्तर हजार चाललेल्या गाडीचा क्लच बऱ्याचदा चांगला निघतो. म्हणून गाडीचं मॉडेल ठरवण्याआधी गिअरबॉक्स ठरवा.

भरवशात पहिला नंबर मॅन्युअलचाच. ऑल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, आय१० यांचे गिअरबॉक्स कुर्ल्यापासून दहिसरपर्यंत कुठलाही मेकॅनिक उतरवतो, पार्टही लगेच मिळतो. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकदमच बदलायचे असतात, कारण खरी मेहनत गिअरबॉक्स उतरवण्यात जाते. नुसती प्लेट बदललेली गाडी पुन्हा गॅरेजला जाण्याची शक्यता मोठी.

पारख सोपी आहे. हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका आणि थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत क्लच सोडा. इंजिन झटक्यात बंद पडलं तर क्लच पकडतो आहे. चालूच राहिलं तर प्लेट स्लिप होते आहे. ही चाचणी एकदाच करा, वारंवार केली तर चांगली प्लेटही जळते. नुसतं पेडल किती वर आल्यावर गाडी हलते यावर विसंबू नका. मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत क्लच वायरीवर चालतो आणि वायर ढिली केली की संपत आलेला क्लचही खालीच पकडल्यासारखा वाटतो. मग न्यूट्रलमध्ये कान द्या. क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग गेलं आहे. सोडलेला असताना आवाज आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग बोलतं आहे, आणि ते काम मोठं. चालत्या गाडीत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर या. कर्रर्र झालं तर सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवून देणारी रिंग, झिजला आहे. रिव्हर्स टाकताना क्वचित आवाज आला तर घाबरू नका, अनेक छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच.

सगळ्यात जास्त काळजी एएमटीमध्ये, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या मॅन्युअलमध्ये, घ्यायला हवी. २०१४ मध्ये सेलेरियोतून ही सोय स्वस्त गाडीत आली आणि आज सेकंड हँड बाजारात ऑटोमॅटिक म्हणून मिळणाऱ्या छोट्या गाड्यांत तिचाच भरणा आहे. आत गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, क्लच प्लेटही तीच. फक्त तुमच्या पायाचं आणि हाताचं काम अ‍ॅक्च्युएटर करतो. मारुती आणि टाटाच्या गाड्यांत हे काम तेलाच्या दाबावर होतं. त्यासाठी छोटा पंप, दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर आणि व्हॉल्व्ह असतात. ह्युंदाईच्या २०१८ च्या सँट्रोपासूनच्या एएमटीत इलेक्ट्रिक मोटर आहेत.

चालक चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवतो, तेव्हा क्लच अर्धा लागलेला राहून तापतो, आणि डावा पाय रिकामा असल्यामुळे हे त्याला जाणवतही नाही. त्यामुळे एएमटी गाडी पेडर रोडच्या चढावर किंवा मॉलच्या पार्किंग रॅम्पवर नेऊनच बघा. ब्रेक सोडल्यावर गाडी सपाट जागी अलगद सरकायला हवी. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना येणारा हलका गचका या यंत्रणेचा स्वभावच आहे. पण डी (ड्राइव्ह) टाकल्यावर डॅशबोर्डवर एन (न्यूट्रल) लुकलुकणं, गिअर न लागणं, थरथरत उठणं किंवा जळका वास येणं हे आजार आहेत.

तेलाच्या दाबावरच्या एएमटीत पंपाचा घुंऽऽ आवाजही ऐका. थोडा वेळ वाजून तो थांबायला हवा. गाडी नुसती उभी असताना किंवा प्रत्येक गिअरला पंप धावत असेल तर अ‍ॅक्युम्युलेटर थकला आहे किंवा दाब कुठेतरी गळतो आहे. क्लच बदलल्याचं बिल दाखवलं तर त्यात स्कॅनरने कॅलिब्रेशन केल्याची, म्हणजे यंत्रणा नव्या प्लेटशी जुळवून घेतल्याची, नोंद शोधा. ते न करता सोडलेली गाडी नव्या प्लेटवरही धक्के देते.

भरवशात दुसरा नंबर मी जुन्या टॉर्क कन्व्हर्टरला, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून पुढे देणाऱ्या ऑटोमॅटिकला, देते. आय१० चा चार गिअरचा आणि होंडा ब्रिओचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक पेट्रोल जास्त पितो, पण सिग्नलवर झिजायला त्यात क्लच प्लेट नसते. ब्रेक दाबून एनवरून डी टाका. साधारण सेकंदाभरात गाडीने पकड घ्यायला हवी. उशीर होऊन धडकन लागत असेल तर सोडून द्या. तेल काळं आणि करपलेल्या वासाचं असेल तरीही तेच.

होंडा जॅझ किंवा जुन्या बलेनोतला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी बेल्ट आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक, मुंबईत चालवायला सगळ्यात सुखाचा. मात्र तेल बदलल्याच्या नोंदी नसतील तर घेऊ नका. वेग न वाढता नुसता आरपीएम चढत असेल किंवा कमी वेगात थरथर जाणवत असेल तर बेल्ट आणि पुलीपर्यंत गोष्ट गेली असू शकते, आणि तो खर्च लाखाच्या घरात जातो. पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक) हायवेवर अप्रतिम आहे, पण बंपर टू बंपरमध्ये तो तापतो. वॉरंटी संपलेली अशी गाडी मुंबईत रोज ऑफिसला न्यायला घेऊ नये, हे माझं ठाम मत. २०२० नंतरच्या एक लिटर पोलो टीएसआय ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे, दोन्हींत गल्लत करू नका.

ट्रायलला रविवारी सकाळी बोलावलं तर हो म्हणू नका. इंजिन थंड असताना सुरू करा, एसी लावून संध्याकाळच्या गर्दीत अर्धा तास चालवा आणि मग पुन्हा सगळे गिअर तपासा. ऑटोमॅटिकचे बरेच दोष तेल तापल्यावरच उघडे पडतात. नंतर ईस्टर्न फ्रीवेवर पाचव्यात नेऊन अ‍ॅक्सिलरेटर अचानक सोडा, गिअर निसटता कामा नये.

गाडी लिफ्टवर चढवायला लावाच. हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी तुंबलेल्या पाण्यात उभी राहिलेल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये हवेच्या नळीतून पाणी शिरतं. लेव्हलचा बोल्ट सोडून बोट घाला. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर किंमत कितीही कमी असो, परत फिरा. बारीक चमक चालते, बोटाला टोचणारा लोखंडाचा कीस चालत नाही.

व्यवहार झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तेल बदला. मॅन्युअलला साधारण दोन लिटर लागतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एका वेळी निम्म्याहून कमी तेल बाहेर येतं, म्हणून काही दिवस चालवून पुन्हा बदलावं लागतं. होंडा जॅझच्या सीव्हीटीत होंडाचं एचसीएफ-२ तेलच घाला. गॅरेजवाला ‘कुठलंही ऑटोमॅटिक ऑइल चालतं’ म्हणाला, तर गाडी त्याच्याकडून लगेच काढून घ्या.