नागाशिबिना वर्कशॉप, कोथरूड, लेकीला घेऊन गेले होते

मार्चच्या पहिल्या रविवारी लेकीला घेऊन कोथरूडमधल्या एका जपानी भाषेच्या क्लासने ठेवलेल्या कागदी बाहुल्यांच्या वर्कशॉपला गेले होते, दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं कसं होतं म्हणून सविस्तरच लिहिते. फी ६०० रुपये, एक मूल आणि एक पालक, सामान त्यांचंच, वेळ दोन तास.

मला वाटलेलं ओरिगामी शिकवतील आणि घरी पाठवतील, पण मॅडमनी आधी वीसेक मिनिटं नुसतं सांगितलं आणि तेच मला सगळ्यात आवडलं. ३ मार्चला जपानमध्ये हिनामात्सुरी असतो, मुलींचा सण, लाल कापडाच्या पायऱ्यांवर राजा-राणीच्या बाहुल्या मांडतात, आपण चैत्रगौरीपुढे आरास करतो ना अगदी तशी. पण ही मांडणी नंतर आली, त्याच्याही आधीची आहे ती नागाशिबिना, म्हणजे पाण्यात सोडायची बाहुली. कागदाची नाहीतर पेंढ्याची साधी माणसासारखी दिसणारी बाहुली करायची, अंगावरून फिरवायची, तिच्यावर फुंकर घालायची, म्हणजे पोराचं दुखणंखुपणं तिच्यात गेलं, आणि मग तिला पाण्यावर सोडून द्यायचं. वाकायामाकडे कादा गावात आवाशिमा म्हणून शिंतो देऊळ आहे तिथे तर होड्या भरभरून बाहुल्या समुद्रात सोडतात, क्योतोच्या शिमोगामो देवळातही ३ मार्चलाच असतं, आणि तोत्तोरीतल्या मोचिगासेला मात्र जुन्या पंचांगाप्रमाणे तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेला, म्हणजे बहुतेक वर्षी आपली चैत्रगौर बसते त्याच सुमाराला! हे ऐकून माझ्या अंगावर काटाच आला.

बाहुली करायला सोपी, सहा वर्षांच्या मुलांनाही जमली. तिकडे भाताच्या पेंढ्याच्या गोल चकतीवर बाहुल्या ठेवून सोडतात, इथे मॅडमनी पळसाच्या पानांचे द्रोण आणलेले, त्यात एक-एक बाहुली आणि थोडी फुलं, फार सुंदर दिसत होतं. मग म्हणाल्या जिथे दुखलंय तिथून बाहुली फिरवा. माझ्या लेकीला गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झालेला, पाच दिवस ॲडमिट होती, तिने कोणी न सांगता सलाईन लावलेल्या हातावरून बाहुली फिरवली, हळूच फुंकर घातली आणि द्रोणात झोपवली. मला तिथे बसवेना, बाहेर जाऊन डोळे पुसून आले.

आता जे खटकलं ते. बाहुल्या सोडायला शेवटची जेमतेम दहा मिनिटं उरली, पंधरा मुलं एका टबाभोवती आणि वर हॉल रिकामा करायची घाई, ज्यासाठी एवढं सगळं केलं तेच गडबडीत उरकलं याचं फार वाईट वाटलं. मुठेत सोडा असं मी म्हणणार नाही, नदीत आधीच काय कमी घाण आहे, पण पाणी वाहतं तरी हवं, गच्चीवर पाइप लावून छोटा पाट केला असता तरी चाललं असतं. आणि काही मुलांना चकचकीत कोटिंगचा कागद दिलेला, तो पाण्यात विरघळतच नव्हता, साध्या कागदाच्या बाहुल्या मात्र हळूहळू मऊ होऊन बसल्या. खाऊही पॅकेटचा होता, त्याबद्दल विशेष काही नाही.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं तर म्हणाल्या, "अगं मग ही दृष्टच की, आपण मीठ-मोहरी ओवाळून विस्तवात टाकतो, ते पाण्यात सोडतात एवढंच." आणि लगेच लेकीला जवळ घेऊन तिच्या बोरन्हाणाची गोष्ट सांगत बसल्या, ती नंतर दोन दिवस तेच विचारत होती की बोरं डोक्यावरून का टाकली, माझं काय जाणार होतं त्यांच्याबरोबर.

पाचपैकी चार स्टार. पुढच्या मार्चला परत करणारेत, मी मॅडमना वेळ वाढवा म्हणून मेसेज केलाय आणि लेकीबरोबर भाच्याचंही नाव देऊन ठेवलंय. जाणार असाल तर साधा पातळ कागद घरूनच न्या.