मक्यावरील लष्करी अळीसाठी ट्रायकोग्रामा की टेलेनोमस?

अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. तिचा अंड्यातच नाश करणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्यांपैकी ट्रायकोग्रामा आणि टेलेनोमस रेमस या दोन्ही मी माझ्या मक्यात सोडून पाहिल्या आहेत. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) पतंग दिसू लागताच एकरी ५०,००० माश्या आठवड्याच्या अंतराने सोडाव्यात, ही शिफारस दोहोंनाही लागू असल्यामुळे निवड मात्रेवर ठरत नाही.

सोयीच्या बाबतीत ट्रायकोग्रामा निःसंशय पुढे आहे. धान्यावर सहज वाढणाऱ्या कॉर्सिरा पतंगाच्या अंड्यांवर तिची पैदास होते, म्हणून ट्रायकोकार्ड, म्हणजे अशी परोपजीवीयुक्त अंडी चिकटवलेला कागद, स्वस्त पडते आणि त्याच्या पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूस टाचल्या की काम झाले. टेलेनोमसच्या पैदाशीला लागणारी अंडी मिळवायला मात्र प्रयोगशाळेला आधी पाने खाणाऱ्या अळ्याच पोसाव्या लागतात, त्यामुळे ती बनवणारे थोडे आणि मिळवणे कष्टाचे.

तरीही एका गोष्टीने माझा कल बदलला. लष्करी अळीचा पतंग शंभर-दोनशे अंडी एकाच पुंजक्यात, बरेचदा थरावर थर रचून घालतो आणि वरून आपल्या अंगावरील खवल्यांचे केसाळ आवरण पसरतो. ट्रायकोग्रामाला हे आवरण अडते आणि तिची पोहोच बहुधा वरच्या थरापुरतीच राहते. ट्रायकोकार्ड लावलेल्या शेतातील पुंजके मी भिंगाखाली पाहत असे, तेव्हा वरची अंडी काळी पडलेली (म्हणजे आत माशी वाढत असलेली) आणि खालच्या थरातून अळ्या बाहेर पडत असलेल्या, हे दृश्य वारंवार दिसे. आणि त्या अळ्या एकदा पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या पानांच्या सुरळीत, शिरल्या की फवारणीही त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही, ही खंत मला सर्वांत जास्त बोचली. टेलेनोमस थरांमध्ये शिरून आतील अंड्यांतही आपली अंडी घालते. ती सोडल्यानंतर पाहिलेले पुंजके मला बहुतेक पूर्ण काळे आढळले. ही माशी १९६३ मध्ये न्यू गिनीहून भारतात आणली गेली, तीही याच कुळातील तंबाखूवरील अळीसाठी, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

अर्थात, माझा अनुभव माझ्या शेतापुरता आहे. मक्यात खोडकिडाही दरवर्षी येत असेल, तर त्याच्या उघड्या, चपट्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा किलोनिस ही जात उत्तम काम करते आणि तेथे टेलेनोमसचा उपयोग नाही. तीव्र कीटकनाशक फवारायचे ठरलेलेच असेल, तर दोहोंवरील खर्च वाया जाईल. लहान अळ्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क त्यामानाने सौम्य आहे.

केवळ लष्करी अळीची चिंता असेल, तर मी टेलेनोमसकडे झुकेन. तिची मागणी मात्र पेरणीच्या वेळीच नोंदवावी, कारण अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात आणि उशिरा आलेल्या माश्यांना शेतात काही काम उरत नाही.