नवशिक्यांसाठीचे नक्षीदार साबणाचे किट, सोलापूरच्या उन्हाळ्यात

रंगांच्या नागमोडी लाटा असलेला साबण घरी करता यावा, यासाठी हल्ली ऑनलाइन बाजारात नवशिक्यांसाठी तयार किट मिळतात. त्यांपैकी सुमारे अठराशे रुपयांचे, एक किलो तेलाचा साबण होईल एवढे साहित्य असलेले एक किट सोलापुरात ऐन उन्हाळ्यात वापरून पाहिल्यावर माझे मत असे झाले की, साहित्य बहुतांशी चोख आहे, पण सोबतची माहितीपत्रिका ज्या हवेत लिहिली गेली ती हवा सोलापूरची नव्हे.

खोक्यात खोबरेल, पाम, ऑलिव्ह आणि एरंडेल अशी चार तेले, वजन करून बंद केलेली कॉस्टिक सोड्याची पुडी, चार रंग, मोगऱ्याच्या सुगंधाची बाटली, सिलिकॉनचा लांबट साचा आणि हातमोजे येतात. डोळ्यांसाठी चष्मा मात्र येत नाही, आणि ही उणीव किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. पत्रिका इंग्रजी आणि हिंदीत आहे. तिच्यात स्टीलचे भांडे घ्यावे असे म्हटले आहे, पण ॲल्युमिनियम का चालत नाही हे सांगितलेले नाही. आपल्याकडे कित्येक स्वयंपाकघरांत जर्मनची पातेली अजून रोजच्या वापरात आहेत. कॉस्टिक त्या धातूला खाते आणि त्यातून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू निघतो, एवढे एक वाक्य छापायला काहीच हरकत नव्हती. कॉस्टिक अंगावर उडाल्यास व्हिनेगर लावण्याचा सल्ला तर काढूनच टाकायला हवा. अशा वेळी भरपूर वाहते पाणी, आणि तेही बराच वेळ, हाच उपाय आहे.

कृतीचा पाया सरळ आहे. कॉस्टिक पाण्यात विरघळवायचे (कॉस्टिक पाण्यात घालायचे, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचे नाही), ते द्रावण तेलात मिसळायचे आणि साबणीकरण, म्हणजे तेलाचे साबणात रूपांतर, सुरू होऊ द्यायचे. किटमधील प्रमाण मी पडताळून पाहिले. चारशे ग्रॅम खोबरेल, तीनशे पाम, अडीचशे ऑलिव्ह आणि पन्नास एरंडेल यांना पूर्ण साबणीकरणासाठी सुमारे १५६ ग्रॅम कॉस्टिक लागते. पुडीत १४८ ग्रॅम आहे, म्हणजे पाच टक्के तेल साबण न होता जाणूनबुजून मोकळे ठेवले आहे. हिशेब अचूक आहे आणि नवशिक्याच्या दृष्टीने हीच या किटची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

नक्षीचे सारे गणित मात्र वेळेचे आहे. तेल आणि द्रावण एकजीव होऊन मिश्रण किंचित दाटले, की त्या अवस्थेला साबण करणारे ‘ट्रेस’ म्हणतात. मिश्रण धिरड्याच्या पिठाइतके पातळ असतानाच त्याचे भाग करून रंग मिसळले, तरच रेषा वाहतात आणि एकमेकींत न विरघळता शेजारी राहतात. जरा उशीर झाला की ओतण्याऐवजी चमच्याने गोळे टाकावे लागतात आणि नक्षीच्या जागी ठिगळे दिसतात. पत्रिकेत हँड ब्लेंडर ‘दोन ते तीन मिनिटे’ चालवायला सांगितले आहे. ही सूचना एकरंगी साबणाला चालेल, नक्षीच्या साबणाला नाही. काही सेकंद ब्लेंडर, मग तो बंद करून त्यानेच ढवळणे, पुन्हा काही सेकंद, आणि पृष्ठभागावरचा तेलाचा तवंग नाहीसा होताच थांबणे, ही खरी पद्धत आहे.

सोलापूरची हवा येथेच आडवी येते. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळिशी ओलांडतो. कॉस्टिक विरघळताना द्रावण स्वतःच्या उष्णतेने ऐंशी अंशांच्या वर जाते आणि पत्रिकेने सांगितलेल्या चाळीस अंशांपर्यंत ते आपोआप उतरण्याची वाट पाहणे दुपारच्या वेळी व्यर्थ ठरते. पहाटे काम करणे, द्रावणाचे भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवणे आणि निम्मे पाणी बर्फाच्या रूपात वापरणे, हे तिन्ही उपाय एकत्र केले तेव्हाच तेल आणि द्रावण दोन्ही पस्तीस अंशांच्या आसपास आणता आले. पुढे पत्रिका म्हणते की साचा टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवावा. सोलापुरात टॉवेलांना तोटा नाही, पण उन्हाळ्यात हा सल्ला मुळीच पाळू नये. साचा भरल्यानंतरही आत उष्णता निर्माण होत राहते. ती कोंडली गेली तर साबणाला मध्यभागी भेग पडते, आणि पांढऱ्या रंगासाठी दिलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या भागात काचेसारख्या पारदर्शक शिरा उमटतात, ज्यांना ‘ग्लिसरीन रिव्हर्स’ म्हणतात. त्या अपायकारक नसतात, पण काळजीपूर्वक ओतलेल्या पांढऱ्या लाटेचा स्वच्छपणा जातो. साचा उघडा, फरशीवर, पंख्याखाली ठेवणे येथे योग्य.

सुगंधाच्या बाबतीत माझी तक्रार अधिक गंभीर आहे. फुलांचे बरेचसे कृत्रिम सुगंध मिश्रण झपाट्याने घट्ट करतात, आणि या किटमधला मोगरा त्याच जातीचा निघाला. नक्षी शिकवण्यासाठी विकलेल्या किटमध्ये असा सुगंध देणे अनाकलनीय आहे. त्याऐवजी गवती चहाचे तेल वापरले असता पुरेसा वेळ मिळाला. लवंग किंवा दालचिनीचे तेल मात्र या कामी घेऊ नये, तेही मिश्रण अवेळी आवळते.

रंगांपैकी निळा अल्ट्रामरीन आणि तांबडा आयर्न ऑक्साइड अल्कलीत उत्तम टिकले; गुलाबी मायका (अभ्रकाची चमकदार रंगीत पूड) राखाडीकडे झुकला. घरातली हळद घालून पाहण्याचा मोह अनेकांना होईल. ती कॉस्टिकमध्ये आधी लालसर होते, मग पिवळी-केशरी होते आणि उजेडात हळूहळू फिकी पडते. बीटचा रस तर सरळ तपकिरी होतो. रंगाची पूड आधी चमचाभर तेलात घोटून घ्यावी, नाहीतर साबणात ठिपके राहतात.

नक्षीसाठी दिलेला प्लास्टिकचा दांडा आखूड आणि लवचीक असल्यामुळे साच्याच्या तळापर्यंत पोहोचत नाही. बांबूची लांब काडी त्याहून बरी. नवशिक्याने सुरुवात भांड्यातल्या भांड्यात करावी. मूळ मिश्रणात तीन-चार ठिकाणी रंगीत मिश्रण उंचावरून ओतावे, पळीचा एकच वेढा द्यावा आणि लगेच साच्यात रिकामे करावे. दोन वेढे दिले की रंग मळकट होतात. थेट साच्यात उंचावरून रंग सोडण्याची पद्धत अधिक देखणी आहे, पण तिला अधिक पातळ मिश्रण लागते.

पाण्याबद्दल पत्रिका ‘पिण्याचे पाणी चालेल’ एवढेच सांगते. सोलापूरला उजनीचे पाणी येते, पण दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अनेक घरांत बोअरचे जड पाणी वापरले जाते. त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात. म्हणून द्रावणासाठी डिस्टिल्ड वॉटरच घ्यावे. आंघोळीचे पाणीही जड असेल तर किलोभर तेलामागे दहा ग्रॅम सायट्रिक ॲसिड घातल्याने साका कमी होतो, मात्र त्यासाठी सुमारे सव्वासहा ग्रॅम कॉस्टिक वाढवावे लागते.

दुसऱ्या खेपेला तेले येथेच विकत घ्यायची झाल्यास खोबरेल तीनशे, पाम दोनशे, ऑलिव्ह तीनशे, करडई दीडशे आणि एरंडेल पन्नास ग्रॅम, असे प्रमाण मी सुचवेन. खोबरेल आणि पाम कमी झाल्याने मिश्रण सावकाश दाटते आणि करडई तर आपल्या जिल्ह्याचेच पीक आहे. परंतु करडईत हवेने लवकर खवट होणारे लिनोलिक आम्ल फार, त्यामुळे तिचे प्रमाण याहून वाढवल्यास काही महिन्यांत साबणावर केशरी डाग पडून खवट वास येऊ शकतो. या प्रमाणाला १४३ ग्रॅम कॉस्टिक पुरते. किटमधली १४८ ग्रॅमची पुडी तशीच ओतली तर मोकळे तेल पाचावरून दोन टक्क्यांच्याही खाली येते. तेल बदलले की हिशेब नव्याने करावा, हे पत्रिकेत कोठेही लिहिलेले नाही.

खोक्यावर ‘घरबसल्या व्यवसाय सुरू करा’ असेही छापले आहे. आंघोळीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि विक्रीसाठी तो बनवायचा तर २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांखाली परवाना लागतो. खोक्यावर त्याचा उल्लेख नाही. घरच्यांपुरता साबण करणाऱ्याला ही अडचण नाही. त्याने फक्त वड्या कापल्यावर चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकू द्याव्यात. किट घ्यायचेच असेल तर दिवाळीनंतर मागवावे, आणि विक्रेता देत असेल तर मोगऱ्याची बाटली वगळून.