मुंबई हायचे जॅकेट की कृष्णा-गोदावरीतील एफपीएसओ?

समुद्रावरील तेल-वायू उत्पादनातल्या नोकरीचे प्रस्ताव पश्चिम आणि पूर्व अशा दोन्ही किनाऱ्यांवरून एकदमच आले, तर कोणता स्वीकारावा, असे विचारणारे तरुण अभियंते अधूनमधून भेटतात. मी दोन्हीकडे प्रॉडक्शनमध्ये काम केले आहे. पुढील मत त्या अनुभवावर बेतलेले आहे. दुसऱ्या जहाजावरचा माणूस कदाचित वेगळे सांगेल.

मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर असले, तरी तिथे पाणी साधारण ७५ मीटरच खोल आहे. त्यामुळे जॅकेट, म्हणजे प्लॅटफॉर्म पेलणारा पोलादी सांगाडा, तळात पाइल (खांब) ठोकून उभे राहते आणि विहिरीचे व्हॉल्व्ह डेकवर हाताशी येतात. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात पाणी काही ठिकाणी हजार मीटरच्याही पुढे जाते. तिथे विहिरीचे तोंड तळावरच राहते आणि वर नांगरलेल्या जहाजातच तेल वेगळे करून साठवले जाते; हेच एफपीएसओ.

शिकण्याच्या दृष्टीने एफपीएसओ सरस आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तळाच्या थंडीत आणि दाबाखाली वायू व पाणी मिळून बर्फासारखा हायड्रेट तयार होतो, आणि मेणाचे प्रमाण जास्त असलेले तेल नळीतच थिजू लागते. जानेवारी २०२४ मध्ये याच खोऱ्यातील ९८/२ क्षेत्रातून तेल निघू लागले, तेव्हा उष्णता टिकवण्यासाठी नळीत नळी घालावी लागली होती ती याच कारणाने. उत्पादन थांबले की नळी निवण्याच्या आत हायड्रेट रोखणारे मेथॅनॉल कुठे सोडायचे, दाब कधी उतरवायचा, हे सारे ठरलेल्या तासांत उरकावे लागते. मुंबई हायवर हा धडा मिळत नाही. मात्र तळावरचा व्हॉल्व्ह अडला, तर आरओव्ही (दुरून चालवायचा पाण्याखालचा यंत्रमानव) घेऊन जहाज येईपर्यंत पडद्याकडे पाहत बसावे लागते. जॅकेटवर आपण पाना घेऊन तिथवर जातो.

मला जहाज सोडायला लावले ते एका किरकोळ वाटणाऱ्या त्रासाने. जहाज डोलते, तसा सेपरेटरमधील, म्हणजे तेल, वायू व पाणी वेगळे करणाऱ्या टाकीतील, द्रवही हिंदकळतो. आत अडथळ्याच्या जाळ्या असतात, तरी लाट आडवी आली की पातळीची रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसू लागते. रात्रपाळीत अलार्म वाजे, मी तो अ‍ॅक्नॉलेज करी, तो पुन्हा वाजे. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक वेळी ट्रेंड, म्हणजे पातळीचा आलेख, उघडून पाहिला. तिसऱ्या आठवड्यात बोट बटणावर आधी जाई आणि नजर पडद्यावर नंतर. एका पहाटे लेव्हल कंट्रोल व्हॉल्व्ह खरोखरच अडकला होता. शेजारी बसलेला काकीनाड्याचा ऑपरेटर माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "साब, ये लहर नहीं है." दाते तसेच होते, पण सगळी रेघच हळूहळू वर सरकत होती. शटडाउन टळला; परंतु आपले कान अलार्मला सरावले आहेत, हे कळल्यावर त्या खुर्चीत मला स्वस्थ बसवेना. अलार्म उशिरा वाजवणारा विलंब, हिंदकळणे गाळणारा फिल्टर असे उपाय यावर आहेत आणि इतर जहाजांवर ते नीट बसवलेले असतीलही.

जॅकेट निर्धोक आहे, असे मात्र मुळीच नाही. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थवर एक सहायक जहाज रायझरवर, म्हणजे तळापासून प्लॅटफॉर्मवर येणाऱ्या उभ्या नळीवर, आदळले, आग भडकली आणि २२ माणसे गेली. जवळ येणाऱ्या प्रत्येक बोटीकडे मी आजही जरा संशयानेच पाहतो. शिवाय मनुष्यवस्ती नसलेल्या वेल प्लॅटफॉर्मवर बोटीतून दोरीला लटकून उतरण्याचा प्रकार चाळिशीनंतर गुडघ्यांना मानवत नाही.

पगारात जहाज पुढे होते. रजेचा हिशेब मात्र उलटा पडला: पश्चिमेला चौदा दिवस कामाचे, चौदा घरचे, आणि जुहूला हेलिकॉप्टरमधून उतरलो की संध्याकाळचा चहा ठाण्यात, पूर्वेला सलग अठ्ठावीस दिवस आणि त्यावर राजमहेंद्रीहून कोणार्क एक्स्प्रेसचा जवळपास एक दिवस.

नोकरीची पहिली दोन-तीन वर्षे जहाजावर काढण्यास माझी हरकत नाही; त्यापुढे मी जॅकेटच निवडले. तरीही जहाजावर जाणार असाल, तर मुलाखतीत पगाराच्या आधी एवढे विचारून घ्या, की सेपरेटर जहाजाच्या लांबीत बसवला आहे की आडवा, आणि एका रात्रपाळीत पातळीचे अलार्म किती वाजतात.